सर्दी झालेला राक्षस कसा रंगवायचा

जुलै उजाडला की आमच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल येते. गच्चीवर किती वेळा डांबर घातलं, तरी ती आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात हजर. एका पावसाळ्यात त्या डागाला चांगलं पोट सुटलं. वर उजवीकडे एक पोपडा कानासारखा लोंबत होता आणि खाली दोन आखूड पाय फुटले होते. चहा उकळेपर्यंत मी वर बघत उभा होतो. रविवारची घरी आलेली आठ वर्षांची भाची शेजारी येऊन उभी राहिली, तिनेही वर पाहिलं आणि म्हणाली, “मामा, त्याला सर्दी होत असेल ना? सारखा ओलाच असतो.”

मी बरीच वर्षं राक्षस रंगवतो. शिंगं, सुळे, खवले, केस हे सगळं हाताला सवयीचं झालंय. पण त्या दिवशी राक्षस तयार झाला तो तिच्या त्या वाक्याने, डागाने नव्हे. भीतीदायक राक्षसाला सुळे पुरतात. गमतीशीर राक्षसाला एखादी अडचण लागते, आणि तीही आपल्याला ओळखीची. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं काम हाताचं आहे, आणि ते शिकता येतं.

त्या राक्षसाचं नाव आम्ही ओलोबा ठेवलं. खाली त्याच चित्राची सगळी वाट सांगतो, डागापासून शेवटच्या पांढऱ्या ठिपक्यापर्यंत. तुमचा राक्षस अर्थातच वेगळा असेल.

सामान

यात फार अडकू नका. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जलरंगाचा कागद घ्या, थोडा खरबरीत असलेला बरा. पुण्यात राहत असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एक चक्कर मारा. ती १९४० पासूनची आहे आणि तिथले कागद हाताळण्यातही मजा आहे. मात्र हातकागदाचा एखादा प्रकार रंग पटकन पिऊन टाकतो, म्हणून आधी एका तुकड्यावर पाणी सोडून बघा. थेंब थोडा वेळ वर टिकला तर कागद कामाचा.

रंग पाचच पुरेत: अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), एक तांबडा आणि एक लिंबासारखा पिवळा. शिवाय पांढऱ्या पोस्टर कलरची एक बाटली. ब्रश तीन, २, ६ आणि १० नंबरचे. वॉटरप्रूफ काळी शाई, टाक किंवा बारीक टोकाचं पेन, मास्किंग टेप, पेन्सिल, खोडरबर, टिश्यू पेपर आणि स्वयंपाकघरातलं जाडं मीठ. काळा रंग मुद्दाम सांगितला नाही. तो का नको, ते रंगांच्या पायरीत येईल.

पहिली पायरी: डाग पकडा

कोऱ्या कागदासमोर बसून “आता राक्षस सुचू दे” म्हटलं की हमखास तोच तो सुचतो. दोन शिंगं, वाकडे दात, त्रिशूळासारखी शेपटी. हात पाठ केलेली गोष्ट म्हणून दाखवतो. त्याला चकवायचं तर सुरुवात अपघाताने करावी.

ही युक्ती जुनी आहे. लिओनार्दो दा विंची होतकरू चित्रकारांना सांगायचा की डाग पडलेल्या भिंतींकडे बघत बसा, त्यात डोंगर, नद्या, लढाया, चेहरे सगळं सापडतं. जर्मनीतला युस्टिनस केर्नर हा पेशाने डॉक्टर आणि वृत्तीने कवी. म्हातारपणी दृष्टी अधू झाली तशी त्याच्या हातून कागदावर शाई सांडायला लागली. त्याने ते कागद फेकले नाहीत. घडी घालून दाबले, उलगडले, डागांत जी भुतं दिसली त्यांना दोनचार रेषांनी हातपाय दिले आणि वर कविता लिहिल्या. तो १८६२ मध्ये गेला आणि त्याचं ते पुस्तक १८९० मध्ये छापलं गेलं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ रोरशाखने मनोरुग्णांसाठी शाईच्या डागांची चाचणी प्रसिद्ध केली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९२१ मध्ये.

तुमच्या घराला ओल नसेल तर अभिनंदन, पण मग डाग तयार करावे लागतील. साध्या कागदावर पातळ रंगाचा मोठा थेंब टाका आणि स्ट्रॉने फुंकर मारा. किंवा चहाचा कप बशीऐवजी कागदावर ठेवा. असे सहा-सात डाग करून वाळू द्या. केर्नरची घडीची पद्धत मी कमी वापरतो. तिच्यात दोन्ही बाजू सारख्या येतात, मग राक्षस फुलपाखरासारखा किंवा सरकारी बोधचिन्हासारखा दिसतो. फुंकलेला डाग लंगडा असतो, आणि लंगड्या आकारात जीव लवकर येतो.

वाळलेला कागद चारही बाजूंनी फिरवून बघा. काही दिसलं की बॉलपेनने आधी फक्त डोळे काढा. तोंड नाही, शिंगं नाहीत. डोळे पडले की बाकीचा देह आपणहून सांगतो की पाय कुठे आणि पाठ कुठे.

दुसरी पायरी: अवयव उसने आणा

डागाने आकार दिला, पण तेवढ्यावर राक्षस खरा वाटत नाही, ढगासारखा वाटतो. त्याला हाडं हवीत, कातडी हवी. त्यासाठीही लिओनार्दोकडे एक कृती आहे, अगदी पाककृतीसारखी. ड्रॅगन खरा वाटायला हवा असेल तर डोकं शिकारी कुत्र्याचं घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, नाक ग्रेहाउंड कुत्र्याचं, कपाळ सिंहाचं, कानशिलं म्हाताऱ्या कोंबड्याची आणि मान पाणकासवाची. यातला एकही जिन्नस काल्पनिक नाही. खोटा आहे तो फक्त त्यांचा मेळ.

आपल्याकडचे जिन्नस काय कमी आहेत? ओलोबाला मी कान म्हशीचे दिले. म्हैस नीट बघितलीय का तुम्ही? तिचे कान उभे नसतात. ते शिंगांच्या खालून आडवे निघतात आणि टोकाशी किंचित लोंबतात, त्यामुळे ती कायम जरा ओशाळल्यासारखी दिसते. नाकपुड्या रुंद आणि सदा ओल्या. सर्दी झालेल्या प्राण्याला याहून चांगलं नाक मिळणार नाही. तोंड बेडकाचं घेतलं. बेडकाला ओठ असे नसतात, एक लांब फट असते आणि ती डोळ्यांच्या मागेपर्यंत जाते. शेपटी पालीची. ओलीच्या भिंतीवर राहणाऱ्याला पाल शेजारीणच.

बस, तीन जनावरं. चौथं घातलंत की बघणाऱ्याचा वेळ राक्षसाशी ओळख करून घेण्यात न जाता कोडं सोडवण्यात जातो. आणि हे अवयव आठवणीतून काढू नका. गोठ्यात जा, बाजारात जा, नाहीतर निदान फोटो समोर ठेवा. माझ्या पहिल्या कित्येक राक्षसांना कोपर नव्हतं, हात नुसते रबरी नळ्यांसारखे. कोपर आणि गुडघा कुठे वाकतो हे पक्कं असलं तर त्याला सहा हात दिले तरी चालतात.

अवयवांच्या जागा बदलायच्या असतील तर आपल्या परंपरेत त्याची आधीच सोय करून ठेवलेली आहे. रामायणातल्या कबंध राक्षसाला डोकंच नाही, तोंड थेट पोटात. बदामीच्या सहाव्या शतकातल्या लेण्यांत जोत्यावर शिवगणांच्या रांगा आहेत. बुटके, ढेरपोटे, कुणी नाचतोय, कुणी नुसताच मजेत. देवळात जाताना त्या घोट्यांच्या उंचीवर असतात, म्हणून बहुतेक लोक त्यांना न बघताच आत जातात. स्केचबुक घेऊन जा आणि चक्क जमिनीवर बसा. एका सकाळीत वीस देहयष्टी मिळतील.

तिसरी पायरी: भीती काढून घ्या

इथे जरा थांबू, कारण राक्षस गमतीशीर होतो की भेसूर, ते इथे ठरतं.

सगळ्यात आधी नजर. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री चौकाचौकात नरकासुराचे पुतळे उभे राहतात आणि पहाटे जाळले जातात. त्यांचे बटबटीत डोळे थेट तुमच्यावर रोखलेले असतात, तुम्ही कुठेही उभे राहा. त्याचं काम घाबरवणं आहे, तो ते चोख करतो. आपल्याला उलटं करायचंय. बुबुळं बाजूला न्या. राक्षस आपल्याकडे न बघता चित्रातल्या कशाकडे तरी बघायला लागला की भीती उतरते आणि कुतूहल चढतं. तो काय बघतोय, हे आपणही बघायला जातो. ओलोबा खाली बघतो, समोरच्या टोपातल्या पाण्याकडे. ते पाणी कशाला, ते पुढच्या पायरीत येईल.

मग डोळ्यांमधलं अंतर. जवळजवळ असलेले डोळे शिकारी दिसतात. दूर गेले की भोळे. अगदीच कानांपर्यंत गेले तर बावळट दिसतात, आणि बावळटपणा थोडाच बरा. वरची पापणी अर्धी उतरवली की कंटाळा येतो, खालची फुगवली की जागरण. सर्दीसाठी मी दोन्ही केलं.

दात वरून खाली आले तर चावतात. खालच्या जबड्यातून वर आलेला एकच बोथट दात मात्र कुणालाच चावत नाही, तो फक्त अवघडलेला दिसतो. देह अजस्र आणि हात चिमुकले ठेवले तर तो राक्षस दाराची कडीसुद्धा नीट काढू शकणार नाही, हे चित्र न सांगता सांगतं. वजन खाली, बुडाकडे. खांदे रुंद आणि कंबर बारीक केली की राक्षस पैलवान होतो, तेच उलटं केलं की शेजारचे काका.

नखं मात्र काढून टाकू नका, शिंगंही ठेवा. सगळंच गोड केलं तर टेडी बेअर उरतो. घाबरवण्याची ताकद अंगात असून ती आज उपयोगी पडत नाहीये, यात खरी मजा आहे. आमच्या कोकणातल्या दशावतारात सुरुवातीच्या भागात संकासुर येतो. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा असुर, पुढे विष्णूच्या हातून मरायचा. पण तोवर तो मालवणीत अशी काही टोलवाटोलवी करतो की मंडपातली पोरं त्याच्याच बाजूची होतात. तलवार विष्णूकडे असते, टाळ्या मात्र याच्या.

चौथी पायरी: अडचण द्या

नॉर्वेचा थिओडोर किटेलसन (१८५७ ते १९१४) ट्रोल काढायचा, म्हणजे तिकडच्या लोककथांतले राक्षस. डोंगराएवढे, पाठीवर झाडं उगवलेले. त्याचं १९११ चं एक चित्र आहे: एक म्हातारा ट्रोल बसलाय आणि आपलं वय नेमकं किती, याचा विचार करतोय. एवढंच. ना कुणाला खातोय, ना कुणाच्या मागे धावतोय. बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलेल्या कुणाही आजोबांना तो जवळचा वाटेल.

कीर्तिमुखाची कथा घ्या. शंकराने राहूला खाण्यासाठी एक भुकेला प्राणी निर्माण केला. राहूने गयावया केली, शंकराने त्याला सोडलं. आता हा भुकेलेला. “मी काय खाऊ?” तर शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. आणि त्याने खाल्लं, पायापासून सुरू करून थेट गळ्यापर्यंत. उरलं फक्त तोंड, ते आज शिवालयाच्या दारावर बसलेलं दिसतं. पुराणात याला भक्तीचा आणि आज्ञापालनाचा अर्थ आहे. मला मात्र प्रत्येक वेळी तो पंगतीला बोलावून पान न वाढलेला पाहुणा आठवतो.

अडचणी सुचायचा माझा मार्ग साधा आहे. राक्षसाला सकाळी सात ते रात्री दहा आपल्या घरात राहायला लावा. शिंगं असताना टी-शर्ट कसा घालणार? तीन डोळ्यांना चष्मा कोण करून देईल? शेपटी असताना लोकलमध्ये चौथ्या सीटवर कसं बसायचं? आठ हातांच्या राक्षसाला डास चावला तर मारायचा कुठल्या हाताने, यावरून हातांचंच भांडण लागेल. अशा वीस ओळी लिहा. पहिल्या दहा फुसक्या निघतात, ते धरूनच चाला.

राक्षस प्राण्यापासूनच व्हायला हवा असंही नाही. जपानात जुनी समजूत आहे की शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो, आणि तिला नुसतं फेकून दिलं तर तिला राग येतो. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ मध्ये भुताखेतांचं आपलं पहिलं चित्रपुस्तक काढलं आणि १७८४ मध्ये अशा वस्तूंचं. त्यात चिनीमातीच्या भांड्यांचा एक सरदार आहे, सगळा देह कपबशा-सुरयांचा, आणि ऐट लढाईला निघाल्याची. एक धक्का लागला की संपलं, हीच त्याची अडचण. तुमच्या माळ्यावर वातीचा स्टो असेल, कोपऱ्यात पाटा-वरवंटा असेल. मिक्सर आल्यापासून तो वरवंटा कुणाशी बोलत नसेल.

समाजावर कोटी करायची असेल तर नागपूरचं उदाहरण समोर आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत” अशी ओरड होते, आणि सोबत बडगे असतात, त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे. महागाई असो की भ्रष्टाचार, तिला हातपाय फुटतात. व्यंगचित्र शिकणाऱ्याने ती मिरवणूक एकदा तरी बघावी.

ओलोबाची अडचण अशी ठरली: त्याला वाफारा घ्यायचाय. टोपात उकळतं पाणी, त्यात निलगिरीचे थेंब, डोक्यावरून चादर. पण शिंगं आहेत. चादर शिंगांवर अडकते आणि तंबूसारखी ताणून उभी राहते, खालून सगळी वाफ निसटते. बिचारा दोन चिमुकल्या हातांनी चादरीच्या कडा खाली ओढतोय, त्या पोचत नाहीयेत. शेपटी बाहेर थंडीत. शेपटीच्या टोकाला मी पायमोजा घातला. तो विनोद मला फार आवडला होता, पुढे तो मीच पुसला. का ते सांगतो.

पाचवी पायरी: काडेपेटीएवढ्या चौकटी

मोठ्या कागदाला हात लावण्याआधी काडेपेटीएवढ्या पाच-सहा चौकटी आखा आणि प्रत्येकीत तोच प्रसंग वेगळा मांडा. समोरून, बाजूने, वरून. मग प्रत्येक आकृती पेनने पूर्ण काळी करा, आत एकही रेघ नको. आता लांबून बघा. नुसत्या काळ्या आकारावरून “हा वाफ घेतोय” एवढं कळतंय का?

समोरून काढलेल्या चौकटीत ओलोबा म्हणजे एक काळा डोंगर झाला, टोप पोटातच हरवला. बाजूने काढला तेव्हा शिंगांचा तंबू, वाकलेली पाठ आणि टोप तिन्ही वेगळे दिसले. आणि पायमोजा? तंबूकडे जाणारी नजर तो मागे खेचत होता. एका चित्रात एकच विनोद जोरात बोलू द्यावा. पायमोजा वहीत लिहून ठेवला, पुढच्या राक्षसाला होईल.

सहावी पायरी: रेखाटन आणि शाई

कागदाच्या चारही कडा पाटाला मास्किंग टेपने चिकटवा. पेन्सिल हलकी, एचबी. खोडरबर कागदावर जोरात घासू नका, कागदाचा वरचा थर उचकटला की नंतर नेमका तिथेच रंगाचा डाग बसतो.

शाईची रेघ एकसारखी ठेवू नका. वजन जिथे टेकतं, म्हणजे बूड, तळपाय, टोपाचा तळ, तिथे जाड. पाठीवर उजेड पडतो तिथे बारीक, कुठे तुटली तरी चालेल. चादर काढताना आधी शिंगांची टोकं पक्की करा, कारण सगळ्या चुण्या त्या दोन टोकांपासूनच निघणार. खात्री नसेल तर खुर्ची उलटी करून तिच्या दोन पायांवर चादर टाका आणि समोर बसून काढा. मी तेच केलं. घरच्यांनी काही विचारलं नाही, त्यांना सवय आहे.

शाई पूर्ण वाळू द्या. उन्हाळ्यात अर्धा तास पुरतो, पावसाळ्यात मी रात्रभर थांबतो. कोपऱ्यात एक रेघ मारून तिच्यावर ओला ब्रश फिरवून बघा. फरफटली तर अजून वेळ द्या.

सातवी पायरी: रंग

काळा का नको, तर बाटलीतला काळा जलरंगात मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, त्यातून राखाडीच्या कितीतरी छटा निघतात. निळा वाढवला की ढगाळ, तांबूस वाढवला की मातकट. पावसाळी भिंत या दोनच रंगांत बसते.

पहिला वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचा थर, पातळ. पूर्ण अंगावर स्वच्छ पाणी फिरवा, चमक आहे तोवर १० नंबरच्या ब्रशने हा राखाडी सोडा, आणि पोटाकडे थोडा यलो ऑकर. दोन्ही एकमेकांत आपणहून मिसळू द्या. इथे ब्रशने ढवळलंत की चिखल होतो. हात मागे घ्या, चहा घ्या.

ओल्या भिंतीची कातडी मिठाने येते. वॉशची चमक जायला लागली, पण कागद अजून दमट आहे, त्या क्षणी जाड्या मिठाचे खडे विरळ टाका. खडा आपल्याभोवतीचं रंगाचं पाणी ओढतो आणि तिथे फिकट चांदणीसारखे डाग उमटतात, हुबेहूब बुरशी. लवकर टाकलंत तर सगळं विरघळून जातं, उशिरा टाकलंत तर काहीच होत नाही. आणि मीठ कोरडं हवं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठालाच पाणी सुटलेलं असतं, म्हणून आधी तव्यावर जरा भाजून घ्या. रंग पूर्ण वाळला की हाताने झटकून टाका.

कानावरचे केस कोरड्या ब्रशने. रंग घेतल्यावर ब्रश टिश्यूवर दाबा, बोटांनी केस फाकवा आणि नुसता टेकवत पुढे न्या. सगळ्या अंगावर केस काढत बसू नका. कानाजवळ आणि कोपराजवळ थोडे दिसले की उरलेले बघणाऱ्याचा डोळा काढतो.

नाक तांबडं. अख्ख्या चित्रातला एकमेव भडक रंग तिथेच ठेवला. नाक रंगवताना मधला एक बारीक ठिपका कोरा सोडा, म्हणजे ते ओलं दिसेल. चादरीला फिकट पिवळा वॉश आणि निळसर चौकडी. चौकडीच्या रेषा चादरीच्या चुण्यांप्रमाणे वाकवा. सरळ मारल्या तर चादरीचा पत्रा होतो.

आठवी पायरी: वाफ आणि वजन

वाफ रंगवायची नसते, रंग उचलून दाखवायची असते. पार्श्वभूमीचा वॉश पूर्ण वाळल्यावर ६ नंबरचा ब्रश स्वच्छ पाण्यात भिजवून टोपावरून वर, वळणं घेत फिरवा. दहा सेकंद थांबा, मग टिश्यूने टिपा. पुसू नका, टिपा. रंग फिकट होतो आणि कडा मऊ राहतात. दोन-तीनदा करा. अल्ट्रामरीन यासाठी सोयीचा, बऱ्यापैकी उचलला जातो. थॅलो निळा मात्र कागदात असा रुततो की वाफेऐवजी डागच राहतो. मी एकदा त्यात पूर्ण चित्र घालवलंय.

ओलोबाची वाफ चादरीच्या खालून दोन्हीकडे निसटताना दिसायला हवी, सगळा विनोद त्याच फटीत आहे. म्हणून तिथे तीन वेळा उचललं, चादरीच्या आत एकदाच.

मग सावली. नवशिक्यांचे राक्षस हवेत तरंगतात, कारण सावली विसरलेली असते. बुडाखाली गडद आणि अरुंद पट्टा द्या, बाहेर जाताना पाण्याने विरघळवा. फरशीला एक बारीक तडा काढला की वजन दुप्पट होतं.

शेवटी पांढरा पोस्टर कलर, घट्ट, २ नंबरच्या ब्रशच्या टोकावर. प्रत्येक डोळ्यात एक ठिपका, दोन्ही एकाच बाजूला, उजेड जिकडून येतो तिकडे. आणि नाकाखाली एक थेंब. या तीन ठिपक्यांआधीचा ओलोबा आणि नंतरचा ओलोबा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून ते सर्वात शेवटी, आणि हात थरथरत असेल तर दुसऱ्या दिवशी.

नववी पायरी: परीक्षा

चित्र भिंतीला टेकवून ठेवा आणि घरातल्या लहान मुलाला विचारा, “हा काय करतोय?” “कसं आहे चित्र?” असं विचारू नका, मुलं शहाणी असतात, छान म्हणतात. काय करतोय ते बरोबर सांगितलं तर मांडणी जमली. त्यापुढे “याची आई कुठेय?” किंवा “याला शाळेला सुट्टी दिली का?” असा प्रश्न आला तर राक्षस जमला.

भाचीने चित्र बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “चादरीला दोन भोकं पाडायची ना, शिंगांसाठी.”

खरं होतं. मी त्याच आठवड्यात दुसरं चित्र काढलं: ओलोबा कात्री घेऊन बसलाय, चादरीला भोकं पाडून झालीत, पण चुकीच्या जागी.

जपणूक

टेप काढताना कागदापासून बाहेरच्या दिशेने, तिरपी आणि सावकाश ओढा. फोटो खिडकीच्या उजेडात घ्या, ट्यूबलाइटखाली राखाडी हिरवट येतो. पावसाळ्यात जलरंगाच्या कागदावर खरीखुरी बुरशी धरते, तेव्हा चित्रं सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद फाईलमध्ये ठेवा. फ्रेम करणार असाल तर काच आणि चित्राच्या मध्ये माउंटचा पुठ्ठा हवाच, नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतो. आणि ती फ्रेम ओलीच्या भिंतीवर लावू नका, कितीही समर्पक वाटलं तरी.

यंदा छतावरचा डाग सरकून फ्रिजच्या वर आलाय. कान दोन झालेत, पाय मात्र एकच दिसतोय. गच्चीवर डांबर घालायला माणूस पुढच्या आठवड्यात येणार आहे, त्याआधी त्याचं रेखाटन करून घ्यायला हवं.